वाचकाला जास्त दिसू द्या: नाट्यात्म उपरोध आणि अविश्वासार्ह निवेदक कसा लिहायचा

नव्याने कथा लिहिणाऱ्यांची एक लाडकी खोड असते. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटच्या परिच्छेदापर्यंत दाबून ठेवायची आणि मग एकदम उघड करायची. वाचक दचकतो, लेखक खूश होतो. पण अशी कथा कुणी दुसऱ्यांदा वाचायला घेत नाही, कारण एकदा गुपित कळलं की आत वाचण्यासारखं फारसं उरत नाही.

इथे ज्या दोन तंत्रांबद्दल लिहितो आहे, त्यांचा कारभार याच्या उलटा चालतो. नाट्यात्म उपरोधात वाचकाला पात्रापेक्षा जास्त माहीत असतं. अविश्वासार्ह निवेदक असतो तिथे वाचकाला निवेदक कबूल करतो त्यापेक्षा जास्त दिसतं. पुस्तकांत यांची प्रकरणं वेगवेगळी असतात. लिहायला बसल्यावर मात्र दोन्हींसाठी एकच हिशेब ठेवावा लागतो: कोणाला काय माहीत आहे, आणि कधीपासून.

सगळ्या पायऱ्या एकाच कथाबीजावर दाखवतो. एक मुलगा म्हाताऱ्या वडिलांना सांभाळतो आहे. मोठी बहीण दूर राहते. तिचे फोन येतात, पण हा ते वडिलांपर्यंत पोहोचू देत नाही. वडिलांची समजूत अशी की लेक आपल्याला विसरली. निवेदक मुलगाच आहे, आणि आपण वडिलांसाठी जिवाचं रान करतोय असं त्याला मनापासून वाटतं.

पहिली पायरी: माहितीचा तक्ता

एक पहिलं वाक्यसुद्धा लिहिण्याआधी कागदावर चार उभे रकाने आखा: बाबा, ताई, निवेदक, वाचक. आडव्या ओळींत प्रसंग क्रमाने मांडा. प्रत्येक चौकटीत दोन नोंदी करा, त्या क्षणी त्याला काय माहीत आहे आणि त्याची चुकीची समजूत काय आहे. बरेच जण फक्त पहिली नोंद करून थांबतात, पण कथा हलते ती दुसऱ्या नोंदीमुळे. बाबांना फोनबद्दल माहीत नाही ही झाली नुसती उणीव. लेकीने आपल्याला टाकलं असं ते धरून चालले आहेत, ही चुकीची समजूत. या समजुतीपायी ते मृत्युपत्र बदलतील, लेकीने पाठवलेलं पत्र न उघडता परत करतील, मुलाचे नको इतके उपकार मानतील.

तक्ता भरून झाला की शेवटचा रकाना वरून खाली वाचा. वाचकाला खरी गोष्ट कुठल्या ओळीत कळते? ती ओळ अगदी तळाशी असेल तर तुम्ही धक्कातंत्राची कथा लिहिताय. त्यात गैर काही नाही, फक्त हा लेख त्या कथेच्या कामाचा नाही. ओळ तक्त्याच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात असेल तर पुढे वाचा.

दुसरी पायरी: उपरोधाचा भार संवादावर टाका

प्राचीन ग्रीक शोकांतिकेला येणाऱ्या प्रेक्षकाला ईडिपसची कहाणी आधीच ठाऊक असायची: आधीच्या राजाला नकळत यानेच मारलं आहे. राजाच्या खुन्याला शोधून काढण्याची घोषणा ईडिपस करतो, तेव्हा तो स्वतःलाच शाप देतोय हे रंगमंचावरच्या या राजाला सोडून सगळ्या प्रेक्षागृहाला कळत असतं. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रात पताकास्थानकाचे, म्हणजे एका हेतूने बोललेलं अचानक दुसऱ्याच गोष्टीला लागू पडण्याचे, चार प्रकार सांगितले आहेत, तेही याच जातकुळीचे. भवभूतीच्या ‘उत्तररामचरित’ या संस्कृत नाटकातला पहिला अंक बघा. सीता रामाच्या हातावर डोकं ठेवून झोपली आहे. हिचं सगळंच प्रिय आहे, असह्य होईल तो फक्त विरह, असं राम म्हणतो. त्याच क्षणी प्रतिहारी, म्हणजे दारावरची सेविका, आत येऊन सांगते, ‘महाराज, आला आहे.’ आलेला असतो दुर्मुख हा हेर, सीतेबद्दलचा लोकापवाद घेऊन. प्रतिहारी बिचारी नेहमीचं काम करते आहे. पण ते वाक्य रामाच्या वाक्याला जाऊन चिकटतं आणि रामायण माहीत असलेल्या प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो.

यातून लेखकाने उचलायचं ते इतकंच: दुहेरी अर्थाचं वाक्य बोलणाऱ्याला ते बोलायचं त्याचं स्वतःचं, साधं कारण हवं. दुसरा अर्थ वाचकासाठी पेरलाय असा वास आला की मजा गेली. आपल्या कथेत बाबा एकदा मुलाला म्हणतात, ‘तू नसतास तर माझं कुणीच नव्हतं बघ.’ बाबांच्या बाजूने हे कृतज्ञतेचं वाक्य आहे. वाचकाला मात्र ऐकू येतं की याच मुलामुळे त्यांचं कुणी उरलेलं नाही. वाक्य एकच, शब्दही बदललेले नाहीत, आणि बाबांच्या वयाचा कुठलाही माणूस हे सहज बोलून जाईल. याऐवजी त्यांच्या तोंडी ‘तू माझ्यापासून कधी काही लपवणार नाहीस, हो ना?’ घातलं असतं तर लेखकाचा हात दिसला असता.

अशी वाक्यं एका कथेत फार नकोत. दोन पुरतात. तिसऱ्या वाक्यापासून वाचक ती मोजायला लागतो.

तिसरी पायरी: ताण लांबवायचा, पण आडमुठेपणाने नाही

वाचकाला सत्य कळलं की तो एकच प्रश्न घेऊन वाचत जातो: आता यांना कधी कळणार? हा प्रश्न ताणून धरणं म्हणजेच कथा. आणि बहुतेक कथा नेमक्या इथे फसतात. कुणीतरी एक वाक्य बोललं असतं तर सगळं मिटलं असतं, पण बोलत नाही, कारण तसं झालं तर कथा संपेल. वाचकाला हे ताबडतोब कळतं आणि त्याचा राग पात्राला सोडून लेखकावर निघतो.

म्हणून प्रत्येक उशिराला कारण द्या, आणि ते कारण योगायोगातून न आणता माणसाच्या स्वभावातून आणा. ताई सरळ गाडीत बसून येत का नाही? फोन नादुरुस्त आहे, रस्ता बंद आहे, ती आजारी आहे, असली कारणं एकदा चालतील. त्यापेक्षा हे बघा: काही वर्षांपूर्वी भांडणात बाबा तिला म्हणाले होते, ‘पुन्हा तोंड दाखवू नकोस.’ तेव्हापासून ती मनात धास्ती बाळगून आहे. आता भाऊ जेव्हा सांगतो, ‘बाबांना आत्ता बोलायचं नाहीये,’ तेव्हा तिला शंकाच येत नाही. ऐकणाऱ्याला जी भीती आधीच वाटत असते, तिला दुजोरा देणारं खोटं सर्वांत जास्त टिकतं. हे एक सूत्र हाताशी असलं की निम्मे अडथळे आपोआप सुचतात.

दर प्रसंगाला किंमतही वाढली पाहिजे. आधी एक फोन चुकतो, मग एक भेट, मग ताईच्या मुलीचं लग्न. तीन वेळा नुसते फोनच चुकले तर ती पुनरावृत्ती झाली.

आणि ज्या प्रसंगाची वाचक वाट बघतोय तो प्रसंग गाळू नका. ‘मग एके दिवशी सगळं उघडकीला आलं’ असं लिहून पुढे सरकणाऱ्या कथा मी पुष्कळ वाचल्या आहेत. इतकी उधारी करून ठेवल्यावर ती फेडायला नको का? बाबांना कळतं तो क्षण समोर घडू द्या, आणि तिथे भाषा आखडती घ्या. समजावून सांगायचं काही नसतंच, वाचकाला सगळं आधीपासून माहीत आहे. त्याला फक्त चेहरा बघायचा आहे.

चौथी पायरी: निवेदक अविश्वासार्ह का आहे?

अविश्वासार्ह निवेदक ही संज्ञा अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ साली रूढ केली. त्यांची कल्पना अशी की संपूर्ण कृतीतून जी मूल्यं व्यक्त होतात, त्यांच्याशी निवेदकाचं बोलणं जुळत नसेल तर तो अविश्वासार्ह. म्हणजे लेखकाने एक काम आधी उरकायला हवं. निवेदकाच्या मागे उभं राहून आपण स्वतः काय मानतो, हे त्याला पक्कं माहीत हवं. ते डळमळीत असेल तर निवेदक फसवा न वाटता कथाच गोंधळलेली वाटते.

पुढे जेम्स फेलन या समीक्षकांनी एक उपयुक्त वाटणी केली. निवेदक तीन ठिकाणी चुकू शकतो: काय घडलं ते सांगण्यात, घडलेल्याचा अर्थ लावण्यात आणि त्याचं नैतिक मोल ठरवण्यात. लहान मूल निवेदक असेल तर ते घटना अगदी चोख सांगतं, अर्थ मात्र चुकतो. सराईत लबाड घटनाच बदलतो. आपला मुलगा घटना बऱ्याचशा खऱ्या सांगतो, अर्थ स्वतःच्या सोयीने लावतो आणि मोल पार उलटं करतो. तुमचा निवेदक यांपैकी कुठे घसरतो ते एका वाक्यात लिहून भिंतीवर डकवा. तिन्हीकडे घसरवलात तर वाचकाला पाय टेकायला जमीनच राहणार नाही. एक तरी गोष्ट त्याने खरी सांगितलीच पाहिजे.

कारणांबद्दल माझी आवड स्पष्ट सांगतो. जाणूनबुजून खोटं बोलणाऱ्या निवेदकापेक्षा स्वतःशी खोटं बोलणारा निवेदक कितीतरी सकस असतो, कारण त्याला बघताना वाचकाला आपलीही आठवण होते. मानसिक आजार हे कारण सगळ्यात आधी सुचतं आणि म्हणूनच ते टाळावं. शेवटी ‘तो भ्रमिष्ट होता’ असं कळलं की आधी वाचलेलं सगळं एका फटक्यात रद्द होतं, शिवाय आजारी माणसांवर अन्याय होतो तो वेगळाच.

आणखी एक प्रश्न, जो बहुतेक लेखक स्वतःला विचारत नाहीत: निवेदक हे कोणाला सांगतोय, आणि आत्ताच का? आपला मुलगा हे वडिलांच्या पश्चात नातेवाइकांना सांगतो आहे की वकिलाला, की ताईला पत्र लिहितो आहे? ऐकणारा ठरला की निवेदक काय झाकणार, कुठे आवाज चढवणार, कुठे न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणार, हे ठरतं. ‘आता तुम्ही म्हणाल, मग तिला कळवलं का नाही,’ असं तो म्हणाला की समजा, नेमकं तिथेच त्याला टोचतंय.

पाचवी पायरी: खोटं व्याकरणात पेरा

मराठीत लिहिणाऱ्याला या कामासाठी भाषेनेच भरपूर हत्यारं दिली आहेत, आणि आपण ती वापरत नाही याचं मला नवल वाटतं.

पहिलं हत्यार क्रियापदांच्या जोड्यांचं. फोडणं आणि फुटणं, तोडणं आणि तुटणं, पाडणं आणि पडणं. ‘मी बशी फोडली’ यात कर्ता हजर आहे. ‘बशी फुटली’ म्हटलं की तो पसार. निवेदकाला एक सवय लावून द्या: स्वतःच्या चुका सांगताना ‘फोन कट झाला’, ‘आवाज चढला’, ‘संबंध तुटले’, आणि ताईच्या बाबतीत मात्र ‘तिने फोन आपटला’, ‘तिने आवाज चढवला’, ‘तिने संबंध तोडले’. हे कुठेही बोट ठेवून दाखवू नका. चार पानांनंतर वाचकाच्या कानाला ते आपोआप खटकायला लागतं.

दुसरं, ‘राहून गेलं’. ‘मी तिला कळवलं नाही’ आणि ‘तिला कळवायचं राहून गेलं’ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या वाक्यात जणू कळवणंच कुठेतरी वाटेत थांबलं, सांगणाऱ्याचा त्यात काही संबंध नाही.

तिसरं, ‘म्हणे’. ‘ताईला यायचं होतं’ हे विधान झालं. ‘ताईला म्हणे यायचं होतं’ यात एका शब्दाने तिच्या इच्छेवर पाणी पडलं. असा शब्द वापरणारा माणूस स्वतः काही आरोप करत नाही, हीच त्यातली सोय.

मग ‘मी’च्या जागी येणारा ‘माणूस’ आणि ‘आपण’. ‘मी वैतागलो’ म्हणायचं टाळून तो म्हणतो, ‘माणूस थकतो हो कधीतरी.’ स्वतःची कृती सगळ्या मनुष्यजातीच्या नावावर खपवली. ‘मीच’, ‘मलाच’, ‘माझ्यावरच’ यांतला ‘च’ मोजून बघा. जिथे तो दाट होतो तिथे हौतात्म्याची भूक आहे. आणि ‘खरं सांगायचं तर’ने सुरू होणारं वाक्य या निवेदकाच्या तोंडी फार जपून, एखाद्याच ठिकाणी द्या. ते इतकं ओळखीचं झालंय की दोनदा आलं तर उघडं पडतं.

सहावी पायरी: पुरावा किती मोठ्याने?

आता प्रत्यक्ष परिच्छेद. पहिला खर्डा बहुधा असा उतरतो:

‘मी बाबांची खूप काळजी घेतो. ताईला मात्र कशाची पर्वा नाही. मी तिचे फोन मुद्दामच देत नाही, पण त्यात माझं काही चुकतं असं मला वाटत नाही.’

हा कबुलीजबाब झाला. वाचकाला करायला काहीच ठेवलं नाही. मग लेखक घाबरून दुसऱ्या टोकाला जातो:

‘ताईचा फोन आला होता. बाबा झोपले होते. मी तिला तसं सांगितलं.’

यावर कुणीही विश्वास ठेवेल, आणि का ठेवू नये? संशयाला जागाच नाही. आता तिसरा:

‘ताईचा फोन यायची वेळ आणि बाबांची झोपायची वेळ एकच. आजही तसंच झालं. मी तिला म्हटलं, “आत्ताच डोळा लागलाय.” आतून बाबांनी विचारलं, “कुणाचा रे फोन?” म्हटलं, “राँग नंबर.” उगाच झोपमोड कशाला करायची! तिकडे बसून फोन फिरवायला काय जातं? इथे औषधं, पथ्य, रात्रीचं उठणं, सगळं मलाच बघावं लागतं. डॉक्टर म्हणालेच आहेत, त्यांना दगदग नको.’

आत बाबा जागे आहेत. त्यांचा प्रश्न निवेदक स्वतःच आपल्याला ऐकवतो आणि लगेच झोपमोडीची काळजी करतो. त्याला यात विसंगती दिसत नाही, म्हणून तो ती लपवतही नाही. पुराव्याची जागा हीच: निवेदकाच्या नजरेसमोर, पण त्याच्या लेखी बिनमहत्त्वाची. डॉक्टरांचं वाक्य बहुधा खरंच असेल. फक्त ते फोनबद्दल नव्हतं.

दुसऱ्यांचे संवाद हा पुराव्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग, कारण निवेदक त्यांचा अर्थ बदलू शकतो, पण शब्द बऱ्याचदा जसेच्या तसे सांगतो. त्याखालोखाल वस्तू. तो म्हणतो, बाबांना रोज फिरायला नेतो. सहा पानांनी डॉक्टरांकडे जायचं निघतं तेव्हा बाबांच्या चपला माळ्यावरून काढाव्या लागतात आणि त्याचे हात धुळीने भरतात. तो धुळीबद्दल कुरकुरतो आणि पुढे जातो. तुम्हीही पुढे जा. तिथे एक शब्द जास्त लिहिलात तर चपला बोलायच्या थांबतील.

पहिली फट पहिल्या पानावरच हवी, लहानशी का होईना. अर्धी कथा पूर्ण विश्वासाने वाचून झाल्यावर निवेदक लबाड निघाला तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. इथे प्रामाणिकपणाची कसोटी सोपी आहे. एखादी गोष्ट लपली असेल तर ती निवेदकाने त्याच्या कारणासाठी लपवलेली असावी. लेखकाने शेवट रंगवण्यासाठी लपवलेली गोष्ट वेगळी दिसते, आणि दिसतेच.

प्रथमपुरुष सक्तीचा नाही, हेही सांगून ठेवतो. तृतीयपुरुषी निवेदन एकाच पात्राच्या डोक्याला चिकटून चालत असेल तर तिथेही हे सगळं जमतं. ‘त्याने फोन ठेवला. बाबांची झोप महत्त्वाची होती.’ दुसरं वाक्य कोणाचं, लेखकाचं की पात्राचं? ही संदिग्धता वापरता येते, मात्र हात बसलेला हवा. अनेक निवेदकांची एकच घटना सांगणारी रचना मोहक दिसते, पण तिथे प्रत्येकाचं खोटं वेगळ्या गरजेतून यायला हवं. नुसते तपशील बदलले तर ते साक्षीदारांचे जबाब होतात.

सातवी पायरी: वाचून घ्या, पण विचारा नीट

खर्डा दोघातिघांना वाचायला द्या. ‘निवेदक खोटारडा आहे हे कळलं का?’ असं विचारू नका. प्रश्नातच उत्तर आहे, सगळे हो म्हणतील. ‘ताई कशी वाटली?’ एवढंच विचारा. ‘बेपर्वा’ असं उत्तर आलं तर पुरावे फार दबले आहेत. ‘बिचारी, आणि हा किती दुष्ट,’ असं आलं तर ते फार मोठ्याने ओरडताहेत. ‘ती चांगली असावी, पण याचंही काही कळत नाही, करतो तर सगळं तोच,’ असं घुटमळत आलेलं उत्तर मिळालं की समजा, सूर लागला.

मग रंगीत पेन घेऊन स्वतः बसा. वाचकाला संशय येईल अशी प्रत्येक जागा खुणावत जा. खुणा एकाच पानावर गर्दी करत असतील तर पांगवा. सलग पाच पानं कोरी असतील तर तिथे निवेदक नुसता गोष्ट सांगत सुटलाय, त्याचं काही पणाला लागलेलं नाही.

शेवटी निवेदकाला स्वतःचं खोटं कळावं का? शेवटच्या पानावरचा साक्षात्कार मला बहुतेक वेळा उपरा वाटतो. आयुष्यभर स्वतःची समजूत घालणारा माणूस दोन परिच्छेदांत सुधारत नाही. त्यापेक्षा त्याला एकच वाक्य असं बोलू द्या, जे आधीच्या सरावाने त्याने बोलायला नको होतं: इतके दिवस ‘फोन कट झाला’ म्हणणारा एकदा, अगदी ओघात, ‘मी फोन कापला’ म्हणून जातो. लगेच पुढच्या वाक्यात तो औषधांच्या वेळांवर घसरतो. ते वाक्य परिच्छेदाच्या शेवटी ठेवू नका, मधेच कुठेतरी टाका. आणि पुन्हा वाचताना ते अधोरेखित करावंसं वाटलं, तर पेन खाली ठेवा.